सात टिचक्या आणि ना हरकत प्रमाणपत्र

जुन्या लॅपटॉपचं म्हातारपण तसं सुखात जातं. बिजागरी खिळखिळी झालेली असते, बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते, कीबोर्डावरची निम्मी अक्षरं पुसलेली असतात. पण ओळखीतलं कुणीतरी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन येतं, चहा-पोहे होईपर्यंत ते आत शिरतं आणि म्हातारा उठून चालायला लागतो. पुढची काही वर्षं तो घरातल्या शाळकरी पोराचा ‘अभ्यासाचा’ लॅपटॉप म्हणून मानानं काढतो.

फोनच्या नशिबी हे नाही. आठ कोअरचा प्रोसेसर, सहा जीबी रॅम, काचेवर ओरखडा नाही, आणि तरी तीन-चार वर्षांत कंपनी जाहीर करते की यापुढे अपडेट येणार नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही, थेट मृत्यूचा दाखला. मग तो फोन ड्रॉवरमध्ये बंद घड्याळांच्या आणि जुन्या पासबुकांच्या सोबतीला जाऊन पडतो.

‘लॅपटॉपवर लिनक्स बसतं, मग फोनवर का नाही?’ हा प्रश्न हल्ली प्रत्येक घरात कुणा ना कुणाला पडतोच. आमच्यात तो भाच्याला पडला. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे प्रश्न त्याला पडतात आणि फोन मामाचा जातो.

“मामा, तुमचा जुना फोन मेलेला नाहीये. त्याला मारलंय,” तो म्हणाला. “द्या इकडे, रॉम टाकून देतो.”

रॉम म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. भाच्यांना काही विचारलं की ते संपूर्ण उत्तर देतात. याने तर न विचारताच दिलं.

मूळ भानगड म्हणे 1981 सालची. आयबीएमने आपला पीसी काढला तो बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून. साहजिकच इतरांनी त्याच्या नकला केल्या, आणि नक्कल खपायची तर ती हुबेहूब हवी. त्यामुळे पुढे सगळे पीसी आतून एकाच वळणाचे निघाले. लिनक्स पीसीत शिरलं की आधी विचारपूस करतं, इथे कोण कोण आहे? ग्राफिक्स कार्ड हात वर करतं, वाय-फायचं कार्ड हात वर करतं, प्रत्येक जण आपलं नाव-गाव-नंबर सांगतो. फोनच्या एआरएम चिपमधली मंडळी मात्र अबोल. कोणता भाग कुठल्या पत्त्यावर बसलाय, कुणाला किती व्होल्ट लागतात, हे सगळं आधीच एका यादीत लिहून न्यावं लागतं. त्या यादीला डिव्हाइस ट्री म्हणतात, आणि ती दर मॉडेलची वेगळी. 2011 साली खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स या एआरएमवाल्यांच्या पसाऱ्यावर असा उखडला होता, की त्याचे शब्द कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात छापता येणार नाहीत. यादीची शिस्त एआरएमवर आली ती त्यानंतर. पण यादी करायची कुणी? ज्याला ठाऊक आहे त्याने, म्हणजे फोन बनवणाऱ्याने. आणि तुमचा जुना फोन चालता राहावा यात त्याला कसला आलाय रस? त्याला नवा विकायचाय.

ही झाली निर्जीव अडचण. सजीव अडचण दारात उभी असते. तिचं नाव बूटलोडर.

फोन म्हणजे सोसायटीतला फ्लॅट समजा आणि बूटलोडर तिथला वॉचमन. फोन चालू केला की सगळ्यांच्या आधी तो जागा होतो, आत जाणाऱ्या सिस्टिमचे कागद बघतो, त्यावर बिल्डरची सही आहे का तपासतो, आणि नसली तर दारातूनच वाटेला लावतो. फ्लॅटचे पैसे तुम्ही मोजलेत, पण वॉचमन बिल्डरचा. त्याला ‘अरे, मीच मालक’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही, असे मालक त्याने रोज बघितलेत.

वॉचमनची बाजूही ऐकली पाहिजे. फोन मारणारा चोरही स्वतःला मालकच म्हणवतो. कुलूप नसतं तर त्याने तासाभरात नवी सिस्टिम भरून फोन पुढे खपवला असता. कुलूप काढताना फोनमधलं सगळं पुसलं जातं तेही याच हिशेबानं. चोराला फोन मिळाला तरी तुमच्या मुंजीचे, बारशाचे फोटो मिळू नयेत. हे मला पटतं. पण चोरासाठी नेमलेला हा गडी मालकालाही जन्मभर फाटकाबाहेर उभा करतो, ते काही पटत नाही.

बरं, कुलूप काढायची रीतही मोठी मौजेची आहे. सेटिंगमध्ये जायचं, ‘अबाउट फोन’ उघडायचं, तिथे ‘बिल्ड नंबर’ शोधायचा आणि त्यावर टिचक्या मारायच्या. दोन-चार झाल्या की फोन आपण होऊन सांगू लागतो, आता एवढ्याच राहिल्या. सातवी पडली की तुम्ही डेव्हलपर झाल्याची घोषणा होते. तीन वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजची फी भरून भाच्याला जे अजून कुणी म्हटलेलं नाही, ते सात टिचक्यांत फुकट मिळतं. मग एक लपलेला मेनू उघडतो आणि त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ नावाचं बटण असतं. असलं तर.

यापुढे ज्याच्या-त्याच्या बिल्डरची ना हरकत. गूगलचे पिक्सल या बाबतीत बरेच मोकळे. इतके की गूगलपासून चार हात लांब राहू इच्छिणाऱ्यांची लाडकी ग्राफीनओएस आजवर गूगलच्याच पिक्सलवर बसत आली आहे. पळून जायचं तर त्यांच्याच गाडीतून. मोटोरोलाच्या अनेक फोनांना एक लांबलचक आकडा विचारायचा, तो कंपनीच्या साइटवर नेऊन द्यायचा, मग कोड ईमेलने घरी येतो. शाओमीचा अर्ज करायचा तर आधी फोन आपल्या खात्याशी जोडायचा, तोही घरात वाय-फाय असलं तरी मोबाइल डेटावरूनच, आणि मग अनेक वर्षं बहुतेकांच्या वाट्याला 168 तासांची प्रतीक्षा यायची. सात दिवसांत माणूस शहाणा होऊन विचार सोडून देईल, अशी कंपनीला आशा असावी. हुआवेईने 2018 साली कोड देणंच बंद करून हा व्याप संपवला.

सगळ्यात कडक हिशेब सॅमसंगच्या नॉक्स नावाच्या सुरक्षेचा. परकी सिस्टिम आत शिरली की त्यांच्या फोनमधला एक चिमुकला फ्यूज उडतो. घरातला फ्यूज उडाला तर तार घालून भागतं. हा चिपच्या पोटात असतो आणि उडाला की कायमचा उडाला. नंतर कंपनीचीच सिस्टिम परत भरा, कान धरा, नाक घासा, उपयोग नाही. सॅमसंग पे आणि सिक्युअर फोल्डर त्या फोनला पुन्हा दार उघडत नाहीत.

आयफोनबद्दल मी भाच्याला विचारलं तेव्हा तो आदरानं गप्प झाला. तिथे ना हरकत मागायला खिडकीच नाही. 2020 साली काही पठ्ठ्यांनी ॲपलच्या चिपमधली एक चूक धरून आयफोन 7 वर अँड्रॉइड चालवून दाखवलं होतं. कॉल लागत नव्हता, आवाज येत नव्हता, कॅमेरा उघडत नव्हता, आणि फोन बंद करून चालू केला की तो निमूटपणे ॲपलच्या घरी परत जात होता.

माझ्या जुन्या फोनचा वॉचमन त्या मानाने समजूतदार निघाला. कोड आला, आणि एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, फोन आणि केबल मांडून भाचा बसला. काळी खिडकी उघडली, त्यात त्याने आज्ञा लिहिली, आणि खिडकीने एक इंग्रजी ओळ छापली. तिचा मथितार्थ असा, की कुठलंही उपकरण येईल म्हणून मी वाट बघतोय. फोन शेजारीच होता, वायरीने जोडलेला होता. खिडकी वाट बघत राहिली.

“केबल चार्जिंगची आहे,” भाचा म्हणाला.

“मग केबल कशाची असते?”

“डेटाची वेगळी असते, मामा.”

घरातल्या केबलींचा डबा काढला. त्यात किती पिढ्यांच्या केबली होत्या ते सांगत नाही. बारीक पिनेचा नोकियाचा चार्जरसुद्धा निघाला, आणि बहिणीने तो पुन्हा डब्यात ठेवला, असू दे म्हणून. एका केबलीने शेवटी फोन दिसला, तर विंडोजने ड्रायव्हर मागितला. ड्रायव्हर मिळाला, तर फोन कंटाळून आपोआप चालू झाला. मग पुन्हा बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. हा नेमका क्षण कुठला, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. आतून हाक आली, “ताटं घेतली आहेत, ते सगळं उचला.” भाचा एका हाताने बटणं दाबून, दुसऱ्या हाताने लॅपटॉप उचलून, केबल दातात धरून बाल्कनीत गेला.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे सगळं ‘सॉफ्टवेअर मारणं’ या दोन शब्दांत उरकतं. “सॉफ्टवेअर मारावं लागेल, संध्याकाळी या.” मात्र दुकानदार कंपनीचंच सॉफ्टवेअर पुन्हा मारतो. वेगळं मारा म्हटलं की तो तुमच्याकडे, मग फोनकडे बघतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणतो, “बोला साहेब.”

दरम्यान योग्य रॉम, म्हणजे फोनमध्ये भरायची नवी सिस्टिम, शोधायची. खोक्यावरचं नाव इथे चालत नाही. प्रत्येक फोनला एक पाळण्यातलं नाव असतं आणि रॉम त्याच नावाने निघते. पोको एफ 1 हा बेरिलियम, रेडमी नोट 7 हा लॅव्हेंडर. गूगलच्या कितीतरी फोनांना माशांची नावं, नेक्सस 5 हॅमरहेड आणि पहिला पिक्सल सेलफिश. वनप्लस वनचं नाव बेकन. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाताना भाचा फोनवर मित्राला “बेकन काय मस्त आहे रे अजून” म्हणाला, तेव्हा आमच्या आईने त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही. रेडमी नोट 3 नावाचे तर दोन फोन होते. एकात स्नॅपड्रॅगन, तो केन्झो. दुसऱ्यात मीडियाटेक, तो हेनेसी. बाहेर नाव एकच, आतले दोघे एकमेकांचं तोंड न बघणारे. याची रॉम त्याला भरली की फोनची वीट होते. ब्रिक झाला, असंच म्हणतात. पंढरपूरच्या विटेला निदान देव मिळाला, ही वीट नुसतीच ड्रॉवरमध्ये राहते.

रॉम बनवणारेही जबाबदारी घेत नाहीत, आणि तसं ते आधीच बजावून सांगतात. त्या सूचनेचा आशय वर्षानुवर्षं तोच चालत आलाय. तुमच्या फोनची वीट झाली, मेमरी कार्ड मेलं, गजर न वाजल्यामुळे नोकरी गेली किंवा अणुयुद्ध पेटलं, तर आमच्याकडे येऊ नका, निर्णय तुमचा होता. इतकं प्रामाणिक करारपत्र मी बँकेच्या कर्जालाही पाहिलेलं नाही. पुढे काय-काय चालतं त्याची यादी असते. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, टॉर्च. त्याखाली मथळा, ‘काय चालत नाही’. आणि त्याखाली पुष्कळदा एकच ओळ, तुम्हीच सांगा.

जे चालत नाही त्यात पहिला मान कॅमेऱ्याचा. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्सचा गाभा खुला आहे. परवान्यानुसार कंपन्यांना त्यातले आपले बदल जाहीर करावे लागतात, आणि त्या ते करतात, कधी उशिरा, कधी अर्धवट. पण कॅमेरा, मोडेम, बोटाचा ठसा यांना चालवणाऱ्या पुष्कळ फाइली बंद असतात. त्या आत काय करतात ते चिपवाल्याला ठाऊक आणि तो सांगत नाही. रॉमवाले मग त्या जुन्या सिस्टिममधून जशाच्या तशा उचलतात आणि नव्या घरात नांदायला लावतात. अँड्रॉइड 9 साठी लिहिलेली फाइल अँड्रॉइड 14 मध्ये आली की तिचं कुणाशी पटत नाही. त्यात हे रॉमवाले बहुतेक हौशी, कित्येक तर विद्यार्थी. तुमच्या फोनची सुरक्षा कुणा अनोळखी मुलाच्या सेमिस्टर परीक्षेवर अवलंबून असते, आणि त्याने स्वतःचा फोन विकला की तुमची रॉम पोरकी होते.

गूगलची ॲप तर पुष्कळ रॉममध्ये नसतातच. 2009 साली स्टीव्ह कोंडिकच्या सायनोजेनमॉड या रॉमला गूगलने नोटीस पाठवली, की आमची ॲप वाटायची नाहीत. तेव्हापासून ती वेगळी भरायची प्रथा पडली. त्यातही पिको, नॅनो, मायक्रो, मिनी अशी मापं. भाच्याने नॅनो घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी फोन चालू झाला. खरंच झाला, आणि भुरकन चालायला लागला. चालू होताना त्याने पडद्यावर एक इशारा दिला, की या फोनचं कुलूप काढलेलं आहे, याच्यावर विश्वास ठेवू नका. हा इशारा आता दर वेळी, आजन्म. माणसाने एवढा खटाटोप करून फोन सोडवावा आणि त्याने रोज सकाळी पहिली चहाडी सोडवणाऱ्याचीच करावी!

आणि मग कळतं, की आतापर्यंतचं सोपं होतं. वॉचमन बाजूला झाला, पण सोसायटी बोलत नाही.

आधी बँक. पैशांची ॲप उघडताना गूगलला विचारतात, हा फोन कुळशीलाचा आहे ना? गूगल फोनच्या पोटातल्या सुरक्षित कप्प्याला विचारतं, आणि तो सत्यवचनी कप्पा सही करून कळवतो की कुलूप उघडं आहे. पुष्कळ ॲप तिथूनच हात जोडतात. काही बँकांच्या ॲपांना तर त्या सात टिचक्यासुद्धा खपत नाहीत. विनोद असा, की चार वर्षांत एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला फोन कुलूपबंद असला की या परीक्षेत पास होऊ शकतो, आणि कालचं अपडेट घेतलेला मोकळा फोन नापास. तपासतात ते गोत्र, तब्येत नव्हे. याला फसवायच्या युक्त्याही असतात, पण त्या महिन्या-दोन महिन्यांत निकामी होतात. मग मासिक श्राद्धासारखं पुन्हा बसावं लागतं.

सिनेमावाल्यांचंही तसंच. फोनचा दर्जा एल 1 वरून एल 3 वर घसरला की नेटफ्लिक्स दिसतं, पण धूसर. चाळिशीनंतर तेवढं चालून जातं.

चालत नाही ते जिओचं. 2016 मध्ये जिओ आलं ते फक्त फोरजीवर, टूजी-थ्रीजी त्यांनी ठेवलंच नाही. त्यामुळे तिथला साधा कॉलही व्होल्टीवरून जातो, आणि व्होल्टीची आतली जुळणी ही चिपवाल्याची खासगी मिरास. रॉमवाल्याला ती साधली नाही, तर फोनवर इंटरनेट धावतं, नकाशे उघडतात, गाणी वाजतात, फक्त फोन लागत नाही.

“पण बाकी सगळं चालतंय ना?” भाचा म्हणाला.

भाचा स्वतः दोन फोन बाळगतो. एक मोकळा केलेला, अभिमानाचा. दुसरा कंपनीचा, व्यवहाराचा. त्याच्या मित्रांतही हीच रीत आहे. रिक्षावाल्याचा क्यूआर दिसला की डावा खिसा चाचपतात.

कंपनीनेच वेगळी सिस्टिम घालून फोन विकायचा, ही वाटही आपल्याकडे चोखाळून झाली. 2014 साली इंटेक्सने 1,999 रुपयांत फायरफॉक्स ओएसचा फोन काढला. त्यावर व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नव्हतं, मग काय होणार होतं? त्याच डिसेंबरात वनप्लस वन भारतात आला तो सायनोजेनची सिस्टिम घेऊन, आणि तिचे भारतातले हक्क आमचे म्हणून मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जी सिस्टिम लोकांनी हौसेने फुकट भरावी म्हणून जन्माला आली, तिच्यापायी न्यायालयाने फोनच्या विक्रीलाच मनाई केली. काही दिवसांत खंडपीठाने ती उठवली, पण पुढे 2016 च्या अखेरीस सायनोजेन कंपनीनेच गाशा गुंडाळला. हौशी मंडळींनी तोच कोड उचलून लिनेजओएस म्हणून प्रपंच चालू ठेवला. जानेवारी 2023 मध्ये आयआयटी मद्रासच्या आश्रयाला वाढलेल्या कंपनीचं भारओएस आलं, केंद्रीय मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर चालवून पाहिलं. भाच्याने त्याच रात्री ते कुठून उतरवून घ्यायचं याचा शोध घेतला आणि मग जेवायला आला.

या सगळ्यात एक वेगळी सिस्टिम मात्र कोट्यवधी भारतीयांच्या खिशात जाऊन बसली, आणि त्यासाठी कुणी एक टिचकी मारली नाही. मोझिलाने फायरफॉक्स ओएसचा नाद सोडल्यावर तिच्या मागे राहिलेल्या कोडातून कायओएस उभी राहिली, आणि 2017 साली पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोनमधून घरोघर गेली. आमच्या घरीही आली होती. आईकडे. भाच्याला हे कळलं तेव्हा तो तिच्याजवळ जाऊन बसला, फोन हातात घेऊन उलटा-सुलटा केला, मागचं झाकण काढून बघितलं.

“आजी, तुला माहितीये का? या घरात अँड्रॉइड सोडून दुसरी सिस्टिम वापरणारी तू एकटीच आहेस. हा फोन कशावर चालतो, सांग बरं.”

“चार्जिंगवर,” आई म्हणाली. “आण इकडे, हरिपाठ लागायची वेळ झाली.”